मेसचे ताट, टपरीचा चहा आणि मागवलेले जेवण: खाण्यापिण्याच्या रोजच्या खर्चाची नोंद कशी ठेवावी

पहिल्या नोकरीसाठी मी बार्शीहून पुण्याला आलो, तेव्हा पहिले पाच महिने वीस तारखेच्या सुमारास बँकेतली शिल्लक पाहून दर वेळी एकच निष्कर्ष काढत असे, तो म्हणजे आपला चहा फार होतो. चहा कमी करून पाहिला, तरी हात आखडण्याची तारीख काही पुढे सरकेना. सहाव्या महिन्यात वैतागून रोजची नोंद ठेवायला घेतली. महिनाअखेर कळले, की चहाचे सगळे मिळून ५२८ रुपये झाले होते आणि खरी गळती मेसमध्ये होती. पैसे भरलेले ताट मी वेळेवर पोहोचत नसल्यामुळे खातच नव्हतो आणि त्याच वेळचे जेवण बाहेर पुन्हा विकत घेत होतो. एका जेवणाचे पैसे दोनदा जात होते आणि आळ मात्र चहावर येत होता.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने शहरात येऊन वसतिगृहात, कॉट बेसिसवर किंवा चौघांत एक सदनिका घेऊन राहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मेस किंवा डबा लावलेला असणे, चहा-नाश्ता बाहेर होणे, आठवड्यातून दोन-तीनदा मोबाइलवरून जेवण मागवणे आणि बहुतेक पैसे यूपीआयने देणे, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांना यातील पायऱ्या जशाच्या तशा वापरता येतील. खर्च कमी कसा करावा हे यात शेवटी आणि थोडक्यात आले आहे, कारण खर्च नेमका कुठे होतो हे कळण्याआधी तो कमी करायला गेल्यास माणूस चुकीच्या जागी काटकसर करतो, जशी मी चहाच्या बाबतीत केली.

लागणारे साहित्य आणि कागदपत्रे

- खिशात मावेल अशी एक छोटी वही आणि पेन, किंवा मोबाइलमधील साधी टिपणवही. दोन्ही एकदम वापरू नका. अर्ध्या नोंदी इकडे आणि अर्ध्या तिकडे राहतात.
- मागील एका महिन्याचा बँकेचा खातेउतारा.
- तुम्ही वापरता त्या प्रत्येक यूपीआय ॲपमधील व्यवहारांची यादी. दोन ॲप वापरत असाल तर प्रत्येकात फक्त त्या ॲपमधून केलेले व्यवहार दिसतात, हे लक्षात असू द्या.
- मेसचे कार्ड किंवा कूपनांची पुस्तिका आणि मेसचे नियम. नियम छापील नसतील तर मालकांना विचारून लिहून घेतलेले.
- खोलीत भिंतीवर एक दिनदर्शिका.
- बिले ठेवण्यासाठी एक लिफाफा.

बँकेचे संदेश वाचून आपोआप हिशेब मांडणारी ॲप पुष्कळ आहेत, परंतु पहिला महिना तरी नोंद हातानेच करावी, असे माझे मत आहे. एक तर अशा ॲपला तुमचे सगळे संदेश वाचण्याची परवानगी द्यावी लागते. दुसरे म्हणजे टपरीवर दिलेले बारा रुपये बँकेच्या दृष्टीने कोणा एका व्यक्तीला दिलेले असतात. ते चहाचे की उसन्याच्या परतफेडीचे, हे ॲपला समजण्याचा मार्ग नाही.

१. आधी अंदाज लिहा, मग सात दिवसांपुरती सुरुवात करा

वहीच्या शेवटच्या पानावर आजची तारीख टाकून खाण्यापिण्यावर महिन्याला किती खर्च होत असेल याचा तुमचा अंदाज लिहा आणि ते पान महिनाभर उघडू नका. माझा अंदाज ६,००० रुपयांचा होता. प्रत्यक्षात तो आकडा किती निघाला हे पुढे येईलच.

त्यानंतर सोमवारपासून फक्त सात दिवसांची नोंद करायची असे ठरवा. या आठवड्यात काहीही कमी करायचे नाही, उद्दिष्ट ठरवायचे नाही आणि कोणाला सांगायचेही नाही, कारण सांगितले की मित्रांसमोर वडापाव घेतानाही आपण विचार करू लागतो आणि तो आठवडा नेहमीचा राहत नाही.

आठवडा संपल्यावर आठवून लिहू, असे म्हणू नका. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात तांदूळ, गहू, डाळी, साखर अशा वस्तूंचा खर्च मागील तीस दिवसांचा विचारतात. भाजी, फळे, अंडी, मासे-मटण, पेये आणि बाहेरचे तयार खाणे यांचा मात्र मागील सात दिवसांचाच. घरात भरलेली साखर महिनाभर आठवते, उभ्याउभ्या खाल्लेली भजी आठवत नाहीत, हा अनुभव त्यामागे आहे. आपल्याला तर स्वतःचाच हिशेब ठेवायचा असल्याने सात दिवसही थांबण्याचे कारण नाही. पैसे दिल्यावर दुकानाच्या पायरीवरून उतरण्याआधी नोंद झाली पाहिजे.

२. खाती पाचच ठेवा

माझ्या पहिल्या वहीत चौदा खाती होती. फळांचे वेगळे, फळांच्या रसाचे वेगळे, बेकरीचे वेगळे. उसाचा रस कोणत्या खात्यात टाकावा यावर मी रसवंतीसमोर विचार करत उभा राहिलो, त्याच दिवशी ती वही बंद पडली. नंतर पाच खाती केली आणि ती आजतागायत चालू आहेत.

मेस: मेस किंवा डबा यांसाठी महिन्याला भरलेली रक्कम.

जेवण: मेसच्या बाहेर झालेले प्रत्येक पूर्ण जेवण, मग ते खाणावळीतील राइस प्लेट असो, हॉटेलातील थाळी असो किंवा मोबाइलवरून मागवलेले असो.

चहा-नाश्ता: चहा, कॉफी, पोहे, वडापाव, क्रीमरोल, रस, थंड पेय, म्हणजे ज्याने जेवण टळत नाही असे सर्व काही.

सोबत: इतरांसाठी दिलेले पैसे. वाढदिवस, निरोप समारंभ, गावाहून आलेला भाऊ, टपरीवर सगळ्यांचे पैसे देण्याची आपली पाळी.

खोली: दूध, फळे, किराणा, गॅस, पिण्याच्या पाण्याचा जार, यांतील आपला वाटा.

मद्यपान करत असाल तर त्याचे सहावे खाते उघडा. ते ‘सोबत’ मध्ये किंवा ‘जेवण’ मध्ये मिसळले की ती दोन्ही खाती फुगतात आणि त्यांच्यावरून काहीच कळत नाही. वही तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा तिच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

‘जेवण’ आणि ‘चहा-नाश्ता’ वेगळे ठेवणे ही या मांडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाहेर खाणे असे एकच खाते केल्यास चहा, मिसळ आणि रात्री मागवलेली बिर्याणी एकाच बेरजेत जाते आणि मोठा आकडा पाहून माणूस चहावर घसरतो. वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणातही २०२३-२४ मध्ये शहरी भागात एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च अन्नावर असल्याचे आढळले आणि अन्नातील सर्वांत मोठा गट पेये, तयार खाणे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के इतका होता. बाहेरच्या खाण्याचा भार फक्त एकट्या राहणाऱ्यांवर पडतो असे नाही, हे त्यावरून दिसते. मात्र ते आकडे लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांची सरासरी काढून आलेले असल्यामुळे आपला हिशेब त्यांच्याशी ताडून समाधान किंवा अपराधीपणा मानू नये.

३. नोंद कशी लिहावी

माझे आजोबा बार्शीला अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभराचे व्यवहार घडतील तसे कीर्दीत उतरवायचे आणि सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर न्यायचे, ही त्यांची पद्धत आपल्यालाही पुरते. खिशातील वही ही कीर्द. तीत खात्यांचे रकाने आखू नका, फक्त ओळीखाली ओळ लिहीत जा. माझ्या वहीतील एक दिवस असा आहे:

मंगळवार, ८ तारीख
चहा, १२, रोख
पोहे आणि चहा, ४२, यूपीआय
दुपार, मेस, खाल्ले, ०
चहा तिघांचा, ३६ (माझा १२, सोबत २४), यूपीआय
रात्र, मेस, चुकले, ०
खिचडी मागवली, २१८, यूपीआय, उशीर

दिवसाची बेरीज ३०८ रुपये. यात शून्याच्या दोन ओळी आहेत आणि नवीन माणूस नेमक्या त्याच गाळतो, कारण पैसे गेले नाहीत तर लिहायचे काय, असे त्याला वाटते. मला त्याच ओळींनी गळती दाखवली. प्रत्येक ताटापुढे ‘खाल्ले’ किंवा ‘चुकले’ एवढे लिहिलेच पाहिजे.

खिचडीच्या ओळीच्या शेवटी असलेला ‘उशीर’ हा शब्द कारणाचा आहे. ‘जेवण’ खात्यातील प्रत्येक ओळीला एका शब्दात कारण लिहा: उशीर, कंटाळा, इच्छा, सुट्टी. एकापेक्षा जास्त शब्द लिहायला लागलात की दैनंदिनी होते आणि हिशेब मागे पडतो.

४. पैसे कोणकोणत्या वाटांनी जातात ते तपासा

आता बँकेचा खातेउतारा आणि यूपीआय ॲपमधील यादी समोर घेऊन बसा. या पायरीला साधारण एक तास लागतो आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिला सापळा नावांचा. दुकानाच्या पाटीवर ‘अमृततुल्य’ असते, परंतु क्यूआर कोड ज्याच्या बँक खात्याशी जोडलेला असतो त्या व्यक्तीचे नाव उताऱ्यात येते, आणि ते खाते कधी मालकाचे, कधी मुलाचे, कधी पत्नीचे असते. माझ्या उताऱ्यात एका अनोळखी बाईंच्या नावावर महिन्याभरात एकोणीस नोंदी निघाल्या. विचार करकरून शेवटी उलगडले, की त्या पोहेवाल्या काकांच्या सौभाग्यवती. यावर उपाय म्हणजे पैसे पाठवतानाच शेऱ्याच्या जागी ‘पोहे’ किंवा ‘चहा’ असा एक शब्द टाकणे. तो शब्द ॲपमधील यादीत राहतो आणि वही विसरलेल्या दिवशी कामी येतो.

दुसरा सापळा यूपीआय लाइटचा. पिन न टाकता छोटी रक्कम झटकन देता यावी म्हणून ही सोय २०२२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिची मर्यादा एका व्यवहाराला १,००० रुपये आणि एकूण शिल्लक ५,००० रुपये इतकी वाढवली. टपरीवर ती अतिशय सोयीची आहे. परंतु लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच ओळ बँकेच्या उताऱ्यात येते. त्यातून केलेले चहा-वड्यांचे व्यवहार तिथे एकेक करून दिसत नाहीत, ते ॲपमध्ये पाहावे लागतात. माझ्या उताऱ्यात एका महिन्यात पाचशे-पाचशेच्या सात ओळी होत्या आणि त्या साडेतीन हजारांत काय काय गेले हे सांगणारी एकही ओळ नव्हती. लाइटमध्ये पैसे भरणे म्हणजे एटीएममधून रोकड काढण्यासारखे आहे. दोन्हींना खर्च म्हणून लिहू नका. पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो.

तिसरा सापळा उधारीचा. कचेरीच्या उपाहारगृहात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात खाते असेल, तर खाल्ले त्या दिवशी रक्कम लिहून पुढे ‘बाकी’ असे टाका. महिन्याच्या शेवटी ते पैसे चुकते कराल तेव्हा फक्त ‘बाकी’वर काट मारा, रक्कम पुन्हा लिहू नका. क्रेडिट कार्ड आणि नंतर पैसे द्या म्हणणाऱ्या सर्व सोयी यांनाही हाच नियम लावा. कंपनीने जेवणाचे वेगळे कार्ड दिले असेल तर त्यातील खर्चही लिहा. ते पैसे पगारातूनच येतात, फुकट नसतात.

५. मेसचा हिशेब ताटांमध्ये करा

मेसचे पैसे महिन्याला एकदा जातात, त्यामुळे तो खर्च ठरलेला आहे असे समजून कोणी त्याकडे पाहत नाही. प्रत्यक्षात मेस किती महाग आहे हे तुम्ही किती ताटे खाता यावर ठरते, म्हणून पैसे भरण्याआधी पुढील गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा.

महिन्यात एकूण ताटे किती? पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्यामुळे तीस दिवसांची साठ ताटे न होता छप्पन किंवा पंचावन्न होतात. खाडे धरतात का, आणि धरत असतील तर सलग किती दिवसांचे? एका वेळचा खाडा बहुधा कोणी धरत नाही. सलग तीन दिवस किंवा त्याहून जास्त, आणि तेही आदल्या दिवशी सांगितले तरच, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. खाड्याचे पैसे परत मिळतात की तेवढे दिवस पुढे वाढवून देतात? रात्री शेवटचे ताट किती वाजता वाढतात? पाहुण्याच्या ताटाचा दर काय? आपल्या कार्डावर मित्र जेवला तर चालते का?

माझा त्या महिन्याचा हिशेब असा होता. मेसचे ३,३६० रुपये, ताटे ५६, म्हणजे ताटाचा भाव ६० रुपये. मी खाल्लेली ताटे ४०. ३,३६० भागिले ४० केल्यावर ताट मला ८४ रुपयांना पडले. चुकलेल्या १६ ताटांपैकी चार गावी गेल्यामुळे चुकली आणि ती तीन दिवसांच्या नियमात बसत नसल्यामुळे खाड्यात धरली गेली नाहीत. उरलेल्या बारा वेळी मी पुण्यातच होतो आणि बाहेर जेवलो. त्या बारा जेवणांचे २,२३२ रुपये झाले. न खाल्लेल्या सोळा ताटांचे ९६० रुपये वेगळेच. महिन्याभरातील माझे चव्वेचाळीस कप चहा ५२८ रुपयांचे होते, ते या शेजारी ठेवून पाहा.

बारांपैकी अकरा ताटे रात्रीची होती आणि अकराही ओळींपुढे ‘उशीर’ लिहिलेले होते. कचेरीचे संध्याकाळचे फोन साडेनऊपर्यंत चालत आणि मेस साडेनऊला बंद होई. यात माझ्या शिस्तीचा किंवा जिभेच्या चोचल्यांचा काहीही संबंध नव्हता, फक्त दोन वेळा एकमेकींना जुळत नव्हत्या. पुढच्या महिन्यापासून मी मेस दुपारची एकवेळ केली आणि रात्रीचा डबा खोलीवर येईल असा लावला. डबा गार होतो, पण चुकत नाही.

६. सामायिक खर्चात फक्त आपला वाटा लिहा

चौघांचे बिल १,२४० रुपये झाले, तुम्ही दिले आणि बाकीच्यांनी प्रत्येकी ३१० रुपये परत पाठवले, तर वहीत फक्त ३१० लिहायचे. हे सोपे वाटते, पण तिघांपैकी एक जण तीन आठवड्यांनी पैसे पाठवतो आणि तेव्हा ती जमा कशाची हे आठवत नाही. म्हणून टीटीएमएम, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’ करताना पूर्ण रक्कम लिहा, पुढे कंसात ‘येणे ९३०’ असे टाका आणि पैसे येतील तसे त्यातून वजा करत जा. महिन्याच्या शेवटी जे येणे उरेल आणि मागायला संकोच वाटेल, ते ‘सोबत’ खात्यावर टाकून मोकळे व्हा.

खोलीच्या खर्चासाठी महिन्याच्या सुरुवातीला सारखी वर्गणी काढून एका डब्यात किंवा एकाच्या खात्यात ठेवणे उत्तम. वैयक्तिक वहीत वर्गणीची एकच ओळ येते आणि किराण्याचे तपशील सामायिक वहीत राहतात. दुधाचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेवर फुली मारून ठेवा. दूधवाल्याशी महिनाअखेर होणारे अर्धे वाद त्या फुल्यांनी मिटतात. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख लिहा. तो किती दिवस पुरतो हे दोन सिलिंडरांत कळते आणि त्यावरून महिन्याचा वाटा काढता येतो.

७. बिल वाचायला शिका

वहीत नेहमी प्रत्यक्ष दिलेली रक्कम लिहावी, पदार्थाची किंमत नव्हे. माझी २१८ रुपयांची खिचडी मुळात १६० रुपयांची होती; पॅकिंगचे १५, पोहोचवण्याचे २८ आणि ॲपचे शुल्क व कर मिळून १५ असे वर चढले. महिन्यातून एकदा तरी असे बिल पूर्ण उघडून पाहा. त्याच ॲपवर दिसणारी ‘तुमचे ९० रुपये वाचले’ ही ओळ मात्र वहीत कुठेही लिहू नका. पोहोचवणे मोफत व्हावे म्हणून टाकलेले गुलाबजामही त्या बचतीत धरलेले नसतात.

हॉटेलच्या बिलावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो, अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. ‘कंपोझिशन’ योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या योजनेत असलेल्या हॉटेलला ग्राहकाकडून तो वेगळा घेता येत नाही आणि तसा उल्लेख त्याच्या बिलावर असावा लागतो. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून अशा बिलात दोन वेगळे कर दिसतात. त्यात फसवणूक नाही. सेवा शुल्काची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार हॉटेलने ते बिलात परस्पर जोडू नये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे निर्देश कायम ठेवले. ते काढून टाकण्यास नम्रपणे सांगता येते. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी स्वतः दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा व्यवस्थापकाने काही न बोलता नवीन बिल आणून दिले.

८. रविवारी ताळा घ्या, पण वीस रुपयांच्या मागे लागू नका

रविवारी सकाळी वीस मिनिटे काढून आठवड्याच्या ओळी पाच खात्यांवर न्या. ही तुमची खतावणी. ती वहीच्या मागच्या बाजूने लिहा किंवा मोबाइलमधील तक्त्यात भरा. त्यानंतर ताळा घ्यायचा: सोमवारची रोकड, अधिक एटीएममधून काढलेले, वजा वहीतील रोख खर्च, यातून खिशात असायला हवी ती रक्कम निघते. इतर रोख खर्च, म्हणजे बस, रिक्षा, केशकर्तन, हे एका आकड्यात धरले तरी चालेल.

ताळा पहिल्या आठवड्यात जुळणार नाही. माझा १४० रुपयांनी चुकला आणि मी सबंध सकाळ घालवूनही ते सापडले नाहीत. तेव्हापासून नियम केला आहे, की आठवड्याला शंभर रुपयांपर्यंतचा फरक ‘किरकोळ’ म्हणून लिहायचा आणि पुढे जायचे. शंभराच्या वर असेल तर प्रथम यूपीआय लाइट, मग उधारी, मग येणे, या क्रमाने पाहा. चूक सहसा या तिघांतच सापडते. एखादा दिवस पूर्ण राहून गेला तर तिथे ‘नोंद नाही’ असे लिहा. अंदाजाने आकडे भरून पान सुंदर करण्यापेक्षा ती मोकळी जागा पुढे अधिक उपयोगी पडते.

९. महिनाअखेर एकच बदल निवडा

चार आठवडे पूर्ण झाल्यावर आणि उरलेले दोन-तीन दिवस जोडल्यावर खात्यांच्या बेरजा करा आणि मगच शेवटच्या पानावरील अंदाज उघडा. माझ्या बेरजा अशा होत्या: मेस ३,३६०, जेवण २,७७२ (चुकलेल्या ताटांच्या वेळचे २,२३२ आणि मेस बंद असलेल्या तीन रविवारच्या रात्रींचे ५४०), चहा-नाश्ता १,१८८, सोबत ९१०, खोली ७४०. एकूण ८,९७०. अंदाज ६,००० होता.

असे आकडे पाहिल्यावर सगळेच एकदम बंद करण्याचा मोह होतो आणि तो आठ-दहा दिवस टिकतो. त्याऐवजी ‘जेवण’ खात्यातील कारणांचे शब्द मोजा. ज्या शब्दाची संख्या सर्वांत जास्त असेल त्यावर एकच बदल करा. ‘उशीर’ जास्त असेल तर मेसची वेळ किंवा प्रकार बदला. ‘कंटाळा’ जास्त असेल तर मेस बदलून पाहा, किंवा दोनवेळची एकवेळ करा. ‘इच्छा’ जास्त असेल तर त्यासाठी महिन्याला एक रक्कम राखून ठेवा आणि तिच्यात आनंदाने खा. ‘सोबत’ खात्याला शेवटपर्यंत हात लावू नका, असा माझा आग्रह आहे. नव्या शहरात ओळखी टपरीवरच होतात आणि महिन्याला नऊशे रुपयांत त्या महाग नाहीत.

श्रावण, गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि गावी जाण्याचे महिने यांची तुलना साध्या महिन्याशी करू नये. उपवासाच्या दिवसांत मेसचे ताट चुकते आणि साबुदाणा खिचडी बाहेर घेतली जाते, तेव्हा त्या ओळीपुढे ‘उपवास’ असे कारण लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच महिन्यात उपवासाचा डबा आधी सांगून ठेवता येतो.

नवीन महिन्याच्या पहिल्या पानावर चार गोष्टी पुढे आणा: खिशातील आणि लाइटमधील श्री शिल्लक (हातात उरलेली रक्कम), दुकानांची बाकी, मित्रांकडचे येणे आणि मेसमध्ये धरलेले पण अजून न मिळालेले खाडे. चौथी गोष्ट मेसवाल्यांना एक तारखेला, पैसे भरण्याच्या आधी दाखवावी. पैसे भरल्यानंतर दाखवलेले खाडे त्यांना सहसा आठवत नाहीत.